मजकुराला हरताळ

जुन्याविषयीची कळकळ आपल्या मराठी साहित्यसंस्थांना नाही, असे कोणी म्हणणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचा एखादा सुटा अंक कोणाच्या माळ्यावर सापडला, तर त्यावर व्याख्यान होते, त्याची छायाचित्रे फिरतात, आणि जुन्या पिढीच्या निष्ठेचे यथास्थित कौतुकही होते. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच छापलेल्या अंकातील एखादा लेख पुन्हा छापायचा झाला, तर त्याच संस्थेची कशी तारांबळ उडते, हे कार्यकारिणीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. छापील प्रत कपाटात असते. मजकूर मात्र नसतो. तो कोणा अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकात होता आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेलेला असतो. फाईल सापडलीच, तर ती उघडणारी आज्ञावली मिळत नाही. आज्ञावली मिळाली, तर तो फाँट मिळत नाही. मग सारा मजकूर नव्याने टंकलिखित होतो, मुद्रिते नव्याने तपासली जातात, आणि जुन्या चुका दुरुस्त होण्यापूर्वी नव्या चुकांची भर पडते.

हे दैवाचे फेरे नव्हेत. मजकूर आणि पान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपण विसरलो, त्याचे हे फळ आहे. लेखकाने लिहिलेली शब्दसंहिता ही एक वस्तू. विशिष्ट आकाराच्या कागदावर, विशिष्ट अक्षरवळणात केलेली तिची मांडणी ही दुसरी. आपण दुसरी जपली आणि पहिली परक्या हाती सोडली. यावर उपाय आहे. तो फुकट आहे, सोपा आहे, आणि जगात वीस वर्षांहून अधिक काळ रुळलेला आहे. साध्या युनिकोड मजकुरात लिहावे आणि शीर्षक, अवतरण, ठळकपणा, काव्यपंक्ती यांची खूण चार-दोन साध्या चिन्हांनी करावी, एवढाच तो उपाय. या चिन्हपद्धतींपैकी सर्वांत प्रचलित जी आहे, तिचे नाव ‘मार्कडाउन’. तो सुचवला की आपल्या मंडळांतून जे आक्षेप उठतात, ते बहुतांशी आळसाचे आणि काही अंशी खोट्या प्रतिष्ठेचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही पद्धत म्हणजे काय, ते पाहू. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह घातले, की ती ओळ शीर्षक. दोन चिन्हे घातली, की उपशीर्षक. शब्दाच्या दोन्ही अंगांना एकेक तारका (*) घातली, की त्या शब्दावर भर. दोन-दोन घातल्या, की अधिक भर. परिच्छेदाच्या आरंभी > हे चिन्ह दिले, की ते अवतरण. मध्ये एक ओळ कोरी सोडली, की नवा परिच्छेद. नित्याच्या लेखनाला यापलीकडे फारसे काही लागत नाही. अशी फाईल नोटपॅडसारख्या कोणत्याही साध्या साधनात उघडते, डोळ्यांनी सरळ वाचता येते, आणि तीवरून यंत्राकरवी छापील पान, संकेतस्थळाचे पान वा ई-पुस्तक हवे तेव्हा तयार करता येते.

‘हे तांत्रिक लोकांचे काम, साहित्यिकांचा त्याच्याशी काय संबंध?’ हा पहिला आक्षेप. आक्षेपकांना आपलाच इतिहास ठाऊक नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते. मजकुरावर खुणा करणे हे मुळात साहित्यिकांचे आणि लेखकूंचेच काम होते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात होमरच्या काव्यांची संहिता तपासताना ॲरिस्टार्कस याने समासात तारका काढल्या, संशयास्पद ओळींपुढे आडव्या रेघा ओढल्या, आणि लक्षणीय ओळींपुढे > या आकाराची खूण केली. पुढे ख्रिस्ती लेखकूंनी धर्मग्रंथातील अवतरणे दाखवण्यासाठी हीच खूण वापरली. आज मार्कडाउनमध्ये अवतरणापुढे तेच चिन्ह येते. आपल्याकडील पोथ्यांतही गेरूने रंगवलेली अक्षरे, एकेरी व दुहेरी दंड, प्रकरणाच्या शेवटी ‘॥ छ ॥’ हे सारे खुणांचेच शास्त्र होते. चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन ते झाकत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, जिचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले, ती उघडून पाहावी. संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ आहे, आणि मूळ संहितेतून बाहेर ठेवलेल्या प्रक्षिप्त ओळींच्या क्रमांकाला तारका जोडलेली आहे. त्या पंडितांना खुणांची लाज वाटली नाही. मग आपल्यालाच का वाटावी?

मार्कडाउनची जन्मकथाही आक्षेपकांच्या बाजूची नाही. २००४ साली ती जॉन ग्रुबर या अमेरिकी लेखकाने सिद्ध केली आणि तिच्या रचनेत ॲरन स्वार्ट्झ या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाचा वाटा होता. संकेतस्थळासाठी लिहायचे म्हणजे प्रत्येक परिच्छेदाच्या मागेपुढे कोनी कंसांतील आज्ञा पेरत बसायचे, हा त्या काळचा जाच होता. त्या आज्ञांच्या गर्दीत वाक्य हरवून जाई. साध्या टपालसंदेशांत लोक आपापल्या बुद्धीने ज्या खुणा करीत आले होते, त्यांनाच ग्रुबरने शिस्त लावली. चिन्हे घातलेला मजकूर जसाच्या तसा वाचनीय असला पाहिजे, ही त्याची मुख्य अट होती. तत्पूर्वी १९९२ साली ‘सेटेक्स्ट’ आणि २००२ साली ‘टेक्स्टाइल’ व ‘आस्कीडॉक’ अशा पद्धती याच वाटेने गेल्या होत्या. मार्कडाउनचा मजकूर इतर अनेक रूपांत नेणारी ‘पॅनडॉक’ ही आज्ञावली २००६ साली ज्याने प्रथम प्रसृत केली, तो जॉन मॅकफार्लेन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे. एक लेखक, एक शाळकरी वयाचा मुलगा आणि एक तत्त्वज्ञ यांनी जे उभे केले, ते साहित्यिकांच्या कक्षेबाहेरचे कसे?

दुसरा आक्षेप असा की, ‘आम्ही वर्डमध्ये लिहितो, पडद्यावर दिसते तसेच छापले जाते, चिन्हांची कटकट हवी कशाला?’ दिसते तसेच छापले जाते, हीच तर अडचण आहे. एक लेखक शीर्षकाची अक्षरे मोठी करतो, दुसरा ती ठळक करतो, तिसरा स्पेसची कळ वीस वेळा दाबून ती ओळ मध्यावर ढकलतो. डोळ्यांना तिन्ही शीर्षके वाटतात. यंत्राला मात्र त्यांपैकी एकही शीर्षक म्हणून ओळखता येत नाही. संपादकाकडे दहा लेखकांची दहा तऱ्हांची हस्तलिखिते येतात आणि त्यांतील सजावट खरवडून काढण्यात त्याचा आठवडा जातो. चिन्हपद्धतीत लेखक ‘हे शीर्षक आहे’ एवढेच सांगतो. ते किती मोठे, कोणत्या वळणात, डावीकडे की मध्यावर, हे पान ठरवणारा ठरवतो. अर्थ लेखकाचा, रूप मुद्रकाचे. ही कामाची वाटणी खिळ्यांच्या काळात होतीच. हस्तलिखितात लेखक शब्दाखाली रेघ ओढी आणि त्या रेघेचे काय करायचे, ते जुळारी जाणे.

मराठीच्या दृष्टीने तर हा भेद अधिकच महत्त्वाचा आहे. रोमन लिपीत जोर दाखवण्यासाठी तिरपे अक्षर वापरतात. ते अक्षर इटलीतील हस्ताक्षराच्या वळणावरून आले, आणि १५०१ साली व्हेनिसच्या आल्डुस मानुटियसने संपूर्ण पुस्तक त्यात छापले. देवनागरीला असे स्वतंत्र तिरपे वळण नाही. वर्डमधील तिरपेपणाचे बटण दाबले, की शिरोरेखेसकट अक्षरे नुसती एका अंगाला कलंडतात. मराठी ग्रंथमुद्रणाने म्हणूनच एकेरी अवतरणचिन्ह किंवा ठळक टंक पसंत केला. तारकांनी केलेली खूण ‘येथे भर आहे’ एवढेच सांगते. ती भर एकेरी अवतरणाने दाखवावी, ठळक टंकाने दाखवावी, की अक्षरांत अंतर सोडून, हे आपल्या परंपरेनुसार ठरवण्यास आपण मोकळे राहतो. वर्डमधील बटण तो निर्णय रोमन लिपीच्या सवयीनुसार आधीच करून टाकते.

तिसरा आक्षेप सर्वांत फसवा आहे: ‘आमच्याकडे सर्व अंकांच्या पीडीएफ आहेत, मजकूर सुरक्षित आहे.’ पीडीएफ म्हणजे पानाचे चित्र. आजोबांचे छायाचित्र भिंतीवर आहे म्हणून कोणी आजोबा घरात आहेत असे समजत नाही. पीडीएफ अंकाचा पुरावा म्हणून अवश्य ठेवावी. पण तिच्यातून मजकूर उचलून पाहावा, म्हणजे सुरक्षिततेचा अर्थ कळेल. जुन्या फाँटमध्ये जुळवलेले पान असेल, तर रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा हाती येतो. नव्या युनिकोड फाँटमधील असेल, तरीही पुष्कळदा जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या जागा सोडतात, कारण पीडीएफमध्ये प्राधान्याने अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात.

जुन्या फाँटची ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे, कारण आपले खरे नुकसान तेथे झाले आहे. १९९० च्या दशकात खिळे गेले आणि संगणकावरची अक्षरजुळणी आली, तेव्हा देवनागरीसाठी एक युक्ती योजली गेली. संगणकाला रोमन अक्षरेच ठाऊक; म्हणून त्या अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे रंगवले गेले. कृतिदेव या फाँटमध्ये ‘काका’ हा शब्द लिहिला, की डोळ्यांना काका दिसतात; संगणकाच्या स्मृतीत मात्र ‘डी-के-डी-के’ अशी चार रोमन अक्षरे असतात. श्रीलिपी, आकृती आणि इतर कंपन्यांच्या फाँटमध्ये रोमन अक्षरे आणि देवनागरी तुकडे यांच्या जोड्या निराळ्या. त्यातून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी टंकलेली, रफार नंतर दिसतो म्हणून नंतर टंकलेला. फाँट गेला, की उरतात ती अर्थहीन रोमन अक्षरे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यामुळे ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला अज्ञात राहिला, विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्या लिपीची किल्ली मिळाली, तेव्हा तो ठेवा उघडला. त्यांनी निदान जाणूनबुजून कुलूप लावले होते. आपण न कळत लावले, आणि किल्ली अक्षरजुळणीवाल्याच्या खिशात ठेवली.

यात अक्षरजुळणी करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागाही मिळाली होती. परंतु घरगुती संगणकांवर युनिकोड देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावर, आणि पृष्ठरचनेच्या आज्ञावलींत ती नीट उमटण्यास त्याहून उशीर लागला. ज्या पेजमेकरमध्ये आपले बहुतेक अंक जुळवले गेले, त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे. तेव्हा १९९८ साली दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. प्रश्न असा आहे की, आज मार्ग असूनही आपण त्याच जुन्या वाटेने का चाललो आहोत? अजूनही कितीतरी ठिकाणी लेखकाने युनिकोडमध्ये धाडलेला लेख छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये उतरवला जातो, मुद्रितशोधन त्या रूपावर होते, आणि शुद्ध केलेला मजकूर युनिकोडमध्ये कधी परत येतच नाही. म्हणजे लेखकाजवळ अशुद्ध मजकूर उरतो आणि शुद्ध मजकुराला कायमचा हरताळ फासला जातो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची झळ दुप्पट बसते. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाची एक प्रत हरवली, तर दुसरी कोठेतरी सापडते. हैदराबादेत तेलुगू, बडोद्यात गुजराती, इंदुरात हिंदी आणि बेळगावात कन्नड कामाच्या गर्दीत आपले मराठी काम एखाददुसऱ्या अक्षरजुळणीवाल्यावर अवलंबून असते. तो मराठी वाचक असेलच असे नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक त्याला कळेल, ही अपेक्षाही अन्यायाची. त्याने दुकान बंद केले, की दहा वर्षांचे अंक त्याच्याबरोबर जातात. आणि आपले छोटे नियतकालिक दुसऱ्या कोणी जपण्याची शक्यता नाही, हे आपण मनोमन जाणतो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ती आज शिकागोच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शब्दाशब्दाने शोधता येते, कारण तेथे तिचा मजकूर मजकूर म्हणून भरला गेला. १९९८ सालचा आपला विशेषांक मात्र शोधता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे हाताशी आणि कालचे हद्दपार, ही अवस्था कोणत्या साहित्यसंस्थेला शोभते?

चौथा आक्षेप वयाचा: ‘आमच्या ज्येष्ठ लेखकांना हे जमणार नाही.’ हे ज्येष्ठांच्या नावावर तरुणांनी केलेले अळंटळं आहे. २००३ सालापासून मराठी विकिपीडियावर शिक्षक, निवृत्त कर्मचारी, गृहिणी अशाच एका चिन्हपद्धतीत हजारो लेख लिहीत आले आहेत. तेथे शीर्षकाच्या दोन्ही अंगांना बरोबरीची चिन्हे घालावी लागतात, एवढाच फरक. २०१६ सालापासून व्हॉट्सॲपवर शब्दाला तारका लावून तो ठळक करता येतो, आणि सकाळच्या सुविचारांत या तारकांची किती उधळण होते, हे मी सांगायला नको. निरोप लिहिताना जमणारी तारका निबंध लिहिताना का जड व्हावी?

पाचवा आक्षेप विद्वानांचा आहे आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. त्यांच्या मते ही पद्धत फार तोकडी. ग्रंथांच्या शास्त्रशुद्ध नोंदीसाठी १९८७ पासून विकसित होत आलेली ‘टीईआय’ ही विस्तृत पद्धत वापरावी. पाठभेदांसह एखाद्या जुन्या संहितेची चिकित्सक आवृत्ती करायची असेल, तर त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण त्रैमासिकातील निबंधाला तो भार कशाला? शिवाय साध्या चिन्हांनी नोंदलेला मजकूर उद्या विस्तृत पद्धतीत चढवता येतो. काहीच न नोंदलेला मजकूर कशातच चढवता येत नाही.

या पद्धतीत उणिवा आहेत, आणि मराठीच्या बाबतीत त्या नेमक्या ठाऊक असाव्यात. पहिली उणीव काव्याची. मूळ मार्कडाउनमध्ये लागोपाठच्या ओळी एकत्र होऊन सलग परिच्छेद बनतो. ओवीचे चार चरण गद्यासारखे वाहत जातात. ओळ तोडायची तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्यात असा नियम आहे, आणि न दिसणाऱ्या जागांवर कवितेचा भरवसा ठेवणे हा वेडेपणा आहे. यावर पॅनडॉकने उचललेला तोडगा चांगला: प्रत्येक काव्यपंक्तीच्या आरंभी एक उभी रेघ. दंडाला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना ती परकीही वाटत नाही. दुसरी उणीव क्रमांकांची. या पद्धतीला १, २, ३ हे देवनागरी अंक यादीचे क्रमांक म्हणून कळत नाहीत. म्हणून अशा कलमांमध्ये एकेक कोरी ओळ सोडावी, म्हणजे ती एकमेकांत मिसळत नाहीत. तिसरी गोष्ट विभक्तीची. भर दाखवण्यासाठी तारकेऐवजी अधोरेषाही चालते, परंतु *ज्ञानेश्वरी*त असे प्रत्यय जोडून लिहायचे असेल, तर तारकाच वापरावी. शब्दाच्या पोटातली अधोरेषा प्रचलित नियमांत खूण मानली जात नाही. चौथी उणीव पोटभेदांची. ग्रुबरच्या मूळ वर्णनात संदिग्धता होती, तळटिपांची सोय नव्हती. प्रत्येकाने आपापली भर घातली. २०१४ साली ‘कॉमनमार्क’ या नावाने काटेकोर नियमावली करण्यात आली, ती आधाराला घ्यावी. आणि शेवटची गोष्ट चिन्हपद्धतीची नव्हे, युनिकोडची: ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो, नुक्त्याच्या ‘ऱ’पासून किंवा ‘र’ला अदृश्य सांधा देऊन. दिसायला दोन्ही एकच. शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. संस्थेने कोणतातरी एक निवडून तो पाळावा.

या उणिवा एका पानाच्या नियमपत्रकात सामावतात. म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या स्पष्ट मागण्या आहेत. येत्या अंकापासून लेख युनिकोडमधील साध्या मजकुराच्या रूपात, वरील चिन्हांसह स्वीकारावेत. ज्यांना ते खरोखरच शक्य नाही, त्यांच्या हस्तलिखितावर चिन्हे चढवण्याचे काम संपादन-साहाय्यकाने करावे. मुद्रितशोधनातील प्रत्येक दुरुस्ती प्रथम मजकुराच्या फाईलमध्ये व्हावी आणि तिच्यावरून पान तयार व्हावे; उलट क्रम बंद करावा. अंक छापून झाल्यावर त्याचा शुद्ध मजकूर तीन ठिकाणी ठेवावा: संस्थेत, संपादकाकडे, आणि दुसऱ्या गावातील एखाद्या भगिनीसंस्थेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट धरले, तरी तीस हजार शब्दांचा अख्खा अंक एक एमबीतही सहज मावतो. तेव्हा जागेची सबब पुढे करता येणार नाही. जुन्या अंकांचे पुनर्टंकन दरवर्षी थोडे थोडे हाती घ्यावे, आणि त्याची सुरुवात सर्वांत जुन्या अंकांपासून न करता संगणकाच्या पहिल्या वीस वर्षांतील अंकांपासून करावी. त्या काळच्या लेखकांपैकी अनेकजण आज आपल्यात आहेत. शंका विचारता येते, चूक दाखवून घेता येते. ही सोय फार वर्षे राहणार नाही.

पूर्वीचा लेखकू पोथी उतरून झाली, की शेवटी वाचकाला विनवी: तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला जप. त्याला कागद-शाईचे धोके ठाऊक होते, म्हणून त्याने ते नोंदले. आपल्या काळाचे धोके निराळे आहेत. ते ठाऊक असूनही आपण मजकूर सैल सोडणार असू, तर वार्षिक सभेत वारशाविषयीचे ठराव तरी करू नयेत.